रानकवी विधान परिषदेत

दिवाळी अंकात विधिमंडळातील भाषणांवर लेख! वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील हे मला ठाऊक आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचावयाची ती एखादी गोष्ट, एखादे प्रवासवर्णन, फार तर कवितेविषयीच्या चार बऱ्या गोष्टी. तेथे सभापती, तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना यांचे काय काम? पण यंदा पावसाळ्यात ना. धों. महानोरांचे ‘विधिमंडळातून’ हे पुस्तक पुन्हा हाती आले, आणि ते वाचताना मनात जे प्रश्न उठले ते साहित्याचेच होते, राजकारणाचे नव्हते. कवी सभागृहात जाऊन बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्याला आपण काय समजावयाचे? त्याच्या साहित्याचा तो भाग समजावयाचा, की पोटापाण्याच्या धंद्यासारखी बाजूला ठेवून द्यावयाची ती गोष्ट?

पुस्तक वाचले ते असोद्यात. हे सांगण्याचे कारण आहे. जळगावपासून दोन कोसांवरचे आमचे हे गाव एरवी भरिताच्या वांग्यांसाठी लोकांना माहीत; साहित्यात त्याचे नाव लागले ते बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून. बहिणाबाई १८८० साली येथे जन्मल्या, जळगावात नांदल्या, आणि १९५१ साली गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या शेतात, जात्यावर, चुलीपुढे बोलत गेल्या, आणि मुलाने व आप्तांपैकी एकाने ते टिपून घेतले. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली. बोलणारी एक, लिहिणारा दुसरा, अशी ती कविता आहे. आता गंमत पाहा. विधिमंडळातील भाषणही नेमके असेच जन्माला येते. सदस्य उभा राहून बोलतो. खाली बसलेला प्रतिवेदक लघुलिपीत ते टिपतो. मागाहून ते कार्यवृत्तात छापले जाते. बोलणाऱ्याने ते लिहिलेले नसते. त्यात थांबणे असते, पुनरुक्ती असते, मध्येच कोणी टोकल्यावर दिलेले उत्तर असते. निबंध म्हणून ते वाचावयास घेतले तर ते ढिसाळ वाटते. कानाने वाचले तर त्यात माणूस सापडतो. जिच्या गावी एका निरक्षर बाईचे बोलणे मराठी वाङ्मयाच्या पहिल्या ओळीत जाऊन बसले, त्या गावच्या माणसाने तरी ‘हे तर नुसते बोलणे’ म्हणून भाषणे बाजूला सारू नयेत.

खुद्द महानोरांनीही टिपून घेण्याचे काम केले होते. ‘पळसखेडची गाणी’ हे त्यांचे पुस्तक म्हणजे त्यांच्या गावच्या लोकगीतांचा संग्रह आहे. म्हणजे हा गृहस्थ दुसऱ्यांच्या तोंडचे लिहून घेणारा. सभागृहात गेला, आणि त्याच्या तोंडचे दुसरे लिहून घेऊ लागले.

पण भाषणांकडे वळण्यापूर्वी हे सभागृह म्हणजे काय चीज आहे ते थोडे सांगितले पाहिजे. आमच्या घरी दुपारी मी पुस्तक वाचीत बसलेलो असता जिजीने विचारलेच, “कवी होता ना तो? मग तिथं जाऊन करे काय?” जिजीचे वय ऐंशीच्या पुढचे. तिला जे उत्तर मी दिले तेच येथे देतो.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाची दोन सभागृहे. खालचे विधानसभेचे, वरचे विधान परिषदेचे. परिषदेचे सदस्य ७८. त्यांत काही आमदारांनी निवडून दिलेले, काही नगरपालिका-जिल्हा परिषदांनी, काही पदवीधरांनी, काही शिक्षकांनी. आणि १२ जण राज्यपालांनी नेमलेले. या बारांसाठी घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदात पाच क्षेत्रे सांगितली आहेत: साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा. राज्यसभेवर राष्ट्रपती जे १२ सदस्य नेमतात त्यांच्या यादीत सहकार नाही. तो फक्त राज्यांच्या परिषदांच्या वाट्याला आला आहे. साहित्यिक आणि साखर कारखान्याचा अध्यक्ष एकाच दाराने आत येऊ शकतात, असा याचा महाराष्ट्रातला अर्थ. असो.

या सभागृहाला अधिकार किती? पैशाचे विधेयक आले तर ते १४ दिवसांपेक्षा जास्त अडवून धरता येत नाही. साधे विधेयक पहिल्या खेपेस तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर करून पाठविल्यास आणखी एक महिना. त्यानंतर परिषद काहीही म्हणो, ते मंजूरच समजले जाते. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर मते घेतली जातात ती विधानसभेत. परिषदेत नुसती चर्चा. मंत्रिमंडळ उभे राहते ते विधानसभेच्या विश्वासावर, परिषदेच्या नव्हे. थोडक्यात, या सभागृहातील सदस्याच्या हाती ना तिजोरीची किल्ली, ना सरकारची मान. त्याच्या हाती असतो तो फक्त शब्द. प्रश्न विचारावा, लक्षवेधी सूचना द्यावी, अशासकीय ठराव मांडावा, अर्थसंकल्पावर बोलावे, सभापतींची घंटा वाजली की बसावे.

जिजी म्हणाली, “मंग कवीलेच धाडलं ते बरं केलं.”

तिने थट्टा केली, पण मला वाटते ती बरोबर ठिकाणी बोट ठेवून गेली. ज्या कामात शब्दाखेरीज दुसरे हत्यार नाही, त्या कामाची परीक्षा शब्दाच्याच कसोटीवर झाली पाहिजे. वस्तूला तिचे खरे नाव दिले आहे काय? बोलणारा कोणाशी तरी बोलतो आहे, की हवेत? आणि एकदा बोललेल्या गोष्टीचा त्याने पिच्छा पुरविला, की टाळ्या घेऊन तो दुसऱ्या विषयाकडे वळला?

कवींना वरच्या सभागृहात बसविण्याची चाल जुनी आहे आणि जगभर आहे. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर डब्ल्यू. बी. येट्स १९२२ ते १९२८ तेथील सेनेटात बसला. १९२५ साली घटस्फोटाच्या प्रश्नावर त्याने केलेले भाषण गाजले. पण सामान्य माणसाच्या खिशात त्याचे जे काम गेले ते वेगळेच होते. नव्या नाण्यांची चित्रे ठरविणाऱ्या समितीचा तो अध्यक्ष होता, आणि १९२८ साली आयर्लंडच्या नाण्यांवर राजाचे डोके जाऊन घोडा, बैल, मासा, पिले घेऊन चाललेली कोंबडी अशी घरगुती मंडळी आली. आपल्या राज्यसभेत मैथिलीशरण गुप्त १९५२ पासून बारा वर्षे होते. अर्थसंकल्पावर ते पद्यात बोलत. सभागृह खूश होत असे, पण कराचा दर एका पैशानेही खाली आल्याचे ऐकिवात नाही. आमच्या मामा वरेरकरांनीही १९५६ पासून राज्यसभा पाहिली, आणि गदिमांनी १९६२ ते १९७४ अशी बारा वर्षे आपली विधान परिषद. आर. के. नारायण यांचे उदाहरण मात्र मला फार आवडते. १९८६ साली ते राज्यसभेवर गेले. बोलले थोडे, पण बोलले ते शाळकरी पोरांच्या पाठीवरच्या दप्तराच्या ओझ्याविषयी. तेवढ्या एका भाषणाने देशभर चर्चा उठली, पुढे प्रा. यशपाल यांची समिती नेमली गेली आणि १९९३ साली तिचा अहवाल आला. दप्तरे हलकी झाली की नाही ते घराघरांतल्या आयांना विचारावे. परंतु कादंबरीकाराची नजर सभागृहात कशी उपयोगी पडते ते यात दिसते. आकडे सगळ्यांजवळ होते. वाकलेले पोर त्याला दिसले.

आता महानोर. जन्म १६ सप्टेंबर १९४२, पळसखेडे येथे. गाव अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीत, सोयगाव तालुक्यात. म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या मुलखात, पण आमच्या जिल्ह्याला खेटून. शाळेसाठी ते शेंदुर्णीला आले, कॉलेजसाठी जळगावला; वर्षभरात कॉलेज सोडून परत शेतात गेले. १९६७ साली ‘रानातल्या कविता’ आल्या आणि मराठी कवितेला एक नवे शिवार मिळाले. मग ‘वही’. १९७७ साली ‘जैत रे जैत’ची गाणी, जी आकाशवाणीमुळे घराघरांत गेली. आणि लगेच १९७८ साली राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून विधान परिषद. पुढे आणखी एकदा. पद्मश्री १९९१ साली, ‘पानझड’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार २००० साली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यात ते गेले.

छत्तिशीतला, रानात राबणारा माणूस मुंबईला गेला तेव्हा विधिमंडळ अजून म्युझियमच्या समोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. नरीमन पॉइंटचे नवे विधान भवन १९८१ साली उघडले. त्या दगडी दालनात धोतर-पायजम्यातले शेतकरी पुढारी पुष्कळ होते. शेतीवर बोलणारेही पुष्कळ होते. मग महानोरांचे वेगळेपण कशात?

माझ्या मते ते यात आहे की त्यांनी सभागृहात कविता म्हणण्याचे काम जवळजवळ दुसऱ्यांवर सोडले. विधिमंडळात कवितेच्या ओळी फेकण्याची हौस कवींपेक्षा वकिलांना अधिक असते. महानोर बोलतात ते विहिरीविषयी, बांधाविषयी, उतारावरून वाहून जाणाऱ्या मातीविषयी, कापसाच्या खोडव्याविषयी, कोरडवाहू रानात कोणते झाड कोणत्या महिन्यात लावले म्हणजे जगेल याविषयी. ‘शेतीसाठी पाणी’, ‘फळबाग’, ‘कापूस खोडवा’, ‘सीताफळ बागेची कहाणी’ ही त्यांच्या लहान पुस्तकांची नावेच पाहा. भाषणांचे विषय त्यांत जणू ओळीने मांडून ठेवले आहेत. ही पुस्तके वाङ्मयाच्या कपाटात कोणी ठेवीत नाही. आमच्या वाचनालयातही ती ‘शेती’च्या फळीवर असतात, कवितासंग्रहांपासून दोन कपाटे दूर. ग्रंथपालाला दोष कसा देणार? समीक्षकांनीच ती तेथे ठेवली आहेत.

आणि येथेच माझे म्हणणे आहे. ‘रानातल्या कविता’मधले रान हे भोगाचे, भरून आलेले रान आहे. पाऊस तेथे येतो तो आनंद घेऊन. त्या कवितेवर पुढे एक आक्षेप घेतला गेला, आणि तो अगदीच पोकळ नव्हता: की या रानात कर्ज नाही, सावकार नाही, पडलेला भाव नाही, शेतकऱ्याने लिहिलेली ही कविता शेतकऱ्याचा हिशेब सांगत नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी कवितेच्या शेजारी भाषणे ठेवून वाचली असती तर त्यांना तो हिशेब सापडला असता. हा माणूस पाऊस आल्याचे गाण्यात सांगत होता आणि पाऊस न आल्याचे सभागृहात. एकाच रानाच्या या दोन बाजू आहेत. आता तुम्ही विचाराल, मग हिशेब कवितेतच का आणला नाही? मला वाटते, जो सूर त्यांना वारशाने मिळाला होता तो ओव्यांचा, गाण्याचा, लयीचा सूर. त्यात पंपाचे हप्ते आणि अनुदानाचे टप्पे बसत नव्हते. ते बसविण्यासाठी त्यांना दुसरी जागा हवी होती. ती त्यांना विधान परिषदेने दिली. ‘पानझड’पर्यंत येता येता मात्र दोन्ही बाजू एकमेकींत मिसळू लागलेल्या दिसतात, कवितेच्या रानात उन्हाळा आलेला दिसतो. सभागृहातल्या वर्षांचे ते देणे असावे असे मला वाटते, सिद्ध करून दाखविता येणार नाही.

या भाषणांमागे आणखी एका माणसाचे काम उभे आहे, आणि ते सांगितल्याखेरीज महानोरांचे मोल ठरत नाही. तो माणूस म्हणजे वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातले, संतवाङ्मयाचे अभ्यासक. १९६० पासून १९७८ पर्यंत अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने चर्चेत भाग घ्यावयाचा नसतो. सर्वांना बोलू द्यावे आणि आपण गप्प बसावे, हे त्याचे काम. म्हणजे ज्या सभागृहाजवळ शब्दाखेरीज काही नाही, तेथे या गृहस्थाजवळ तोही नव्हता! आणि तरीही त्या खुर्चीवरून महाराष्ट्राला मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट त्यांनीच दिली: रोजगार हमी योजना. मागेल त्याला काम, आणि ते सरकारने द्यावयाचे. कामाची मागणी आल्यापासून पंधरा दिवसांत न दिले तर भत्ता. तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा लहानसा प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. आमच्याकडची जुनी माणसे अजून ‘खडी फोडायचे वर्ष’ म्हणून त्या सालाची आठवण काढतात. सुकडीची चव सांगतात. योजनेसाठी पैसा उभा करण्यास १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला, म्हणजे शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचे पैसे द्यावयाचे. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. संसदेने सबंध देशासाठी तसा कायदा केला तो पुढे २००५ साली.

पागे परिषदेतून बाहेर पडले आणि महानोर आत आले, ते एकाच वर्षी, १९७८ साली. या योगायोगाला मी फार महत्त्व दिले नसते. पण पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे तो लक्षात राहतो. रोजगार हमीवर एक टीका सुरुवातीपासून होत असे. खडी फोडली, रस्ता झाला, पावसात वाहून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तीच खडी. मजुरी पोटात गेली हे खरे, आणि ते काही थोडके नव्हे. पण शेतात काय उरले? महानोरांचा आग्रह असा की हेच हात, हाच पैसा माणसाच्या स्वतःच्या रानात लागू द्या. खड्डा खणणे ही मजुरीच आहे. तो रस्त्याकडेला खणला काय आणि बांधावर खणला काय! असे सांगणारे ते एकटेच होते असे नव्हे, आणि योजना म्हणजे एका माणसाचे काम कधीच नसते. पण परिषदेत आणि परिषदेबाहेर हा विषय त्यांनी लावून धरला हे खरे. १९९० साली शरद पवारांच्या सरकारने रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आणली. शेतकऱ्याच्या रानात आंबा, बोर, डाळिंब, सीताफळ. खड्ड्यापासूनच्या खर्चाला अनुदान. आणि ते एकदम नव्हे, तीन वर्षांत, झाडे जगली आहेत असे पाहून. मला या शेवटच्या अटीत शेतकऱ्याचा हात दिसतो. झाड लावल्याचे पैसे मागणारे पुष्कळ असतात. झाड जगविल्याचे पैसे द्यावेत हे ज्याला सुचते त्याने केव्हा तरी उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहिलेले असते.

पागे ज्ञानेश्वरी-गाथेच्या अभ्यासातून रोजगार हमीकडे आले, आणि महानोर ओव्यांतून फळबागेकडे. वरच्या सभागृहाने महाराष्ट्राला दिलेल्या या दोन गोष्टी एकमेकींवर कलम केल्यासारख्या आहेत. जो कोणी ‘हे सभागृह हवेच कशाला’ असे म्हणतो (आणि दर चार-दोन वर्षांनी कोणी ना कोणी म्हणतोच) त्याने एकदा बांधावरच्या बोरीकडे पाहावे. तेथे पडीक माळ होता.

इतके कौतुक झाल्यावर आता उणेही सांगितले पाहिजे. नाही तर ही समीक्षा न होता सत्कार समारंभातले भाषण होईल.

राज्यपालनियुक्त सदस्य हा सभागृहातला पाहुणा असतो. कागदोपत्री त्याला राज्यपाल नेमतात. प्रत्यक्षात मंत्रिमंडळ नावे सुचविते. लोकांनी त्याला निवडून दिलेले नसते, आणि ज्यांनी बोलाविले त्यांच्याच घरी बसून त्यांना सुनवावयाचे असते. हे अवघड आहे. महानोरांचा यशवंतराव चव्हाणांशी आणि शरद पवारांशी स्नेह होता. त्यांनी तो कधी लपविला नाही, उलट ‘यशवंतराव चव्हाण आणि मी’, ‘शरद पवार आणि मी’ अशी पुस्तकेच लिहिली. स्नेहाचा फायदा झाला: जे सभागृहात बोलले ते मंत्र्याच्या टेबलापर्यंत पोचले. नुसत्या विरोधकाचे ते पोचले नसते. पण किंमतही द्यावी लागली. भाषणे वाचताना मला पुन्हा पुन्हा असे जाणवले की दुखणे सांगताना ते अचूक आहेत, उपाय सांगताना उत्साही आहेत. पण दुखण्याला जबाबदार कोण, येथे आले की आवाज मऊ होतो. सल्ला देणारा मित्र बोलू लागतो. जाब विचारणारा मागे राहतो. त्याच काळात महाराष्ट्रात शरद जोशी रस्त्यावर उतरले होते. १९८० साली कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी रेल्वे आणि रस्ते अडविले जात होते. जोशींचे म्हणणे एका शब्दात भाव. महानोरांचे म्हणणे एका शब्दात पाणी. दोघेही खरे. परंतु पाण्याविषयी बोलताना सरकार आणि शेतकरी एका बाजूला बसू शकतात, भावाविषयी बोलताना ते बसू शकत नाहीत. आणि महानोरांनी आपल्या स्वभावाला मानवेल तो विषय निवडला, असे मला वाटते.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. बांधबंदिस्ती झाली, बागा लागल्या, ठिबकच्या नळ्या अंथरल्या गेल्या. आणि नव्वदीच्या शेवटापासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, त्या थांबल्या नाहीत. त्या विषयावर महानोरांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘शेती, आत्मनाश आणि संजीवनी’. ‘आत्मनाश’ हा शब्द त्यांनी निवडला. सरकारी कागदात तो नसतो; तो संतांच्या भाषेतला शब्द आहे. आणि त्यापुढे लगेच ‘संजीवनी’ आलीच. दुखण्याच्या नावाशेजारी औषधाचे नाव लिहिल्याखेरीज या माणसाला राहवत नाही. हा त्यांचा मोठेपणा म्हणा, दुबळेपणा म्हणा. मला तो त्यांच्या गाण्याचाच गुण वाटतो, आणि गाण्यात जो गुण असतो तो सभागृहात कधी कधी आड येतो.

एक तक्रार पुस्तकाविषयी. भाषणांचा संग्रह काढताना बोलणाऱ्याचेच बोलणे छापण्याची आपल्याकडे रीत आहे. मंत्र्याने काय उत्तर दिले, कोणी मध्ये टोकले, त्या दिवशी सभागृहात कोणत्या विषयाने आधीचे दोन तास खाल्ले, हे सगळे कार्यवृत्तात असते आणि संग्रहात येत नाही. त्यामुळे भाषण म्हणजे एका अंगाने वाजणारी टाळी होते. बहिणाबाईंची गाणी वाचताना आपल्याला निदान जात्याची घरघर मनात आणता येते. येथे सभागृह मनात आणावयाचे म्हणजे सामान्य वाचकाला कठीणच. कोणी जाणकार संपादक मूळ कार्यवृत्त काढून, उत्तरांसकट, टिपांसकट ही भाषणे पुन्हा छापील तर महाराष्ट्राच्या शेतीचा एक चांगला इतिहास तयार होईल; आणि महानोर कोठे ताठ उभे राहिले व कोठे वाकले याचा निवाडाही माझ्यासारख्याच्या अंदाजावर सोडावा लागणार नाही.

हे सगळे असोद्यात बसून लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होते, तेही सांगून टाकतो. महानोर ज्या डोंगरात राहिले त्या अजिंठ्याच्या डोंगरातून वाघूर निघते आणि आमच्या जिल्ह्यात येऊन तापीला मिळते. वर माती अडली, पाणी मुरले, तर त्याचा गुण खाली आम्हांला. आम्ही खालचे. आमच्याकडे काळी कसदार जमीन, विहिरी, केळीची लालसा. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण एक विहीर आटली की दुसरी खोल करावयाची, ती आटली की बोअर घ्यावयाची, हा आमचा शहाणपणा. माझ्या लहानपणी ज्या विहिरीत पोरे उड्या मारीत तीत आता उन्हाळ्यात गाळ दिसतो. डोंगरातल्या कोरडवाहू माणसाने थेंब थेंब अडविण्याचे शास्त्र सभागृहात उभे राहून सांगितले, आणि ज्यांच्याजवळ पाणी होते त्या आम्ही त्याची गाणी तेवढी ऐकली. भाषणांचे पुस्तक वाचनालयातून शेवटचे केव्हा गेले होते ते मी मागच्या चिठ्ठीवर पाहिले. माझ्याआधीचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा होता, आणि तोही माझ्याच सभासद क्रमांकाचा.

जिजीला मी त्यातले थोडे वाचून दाखविले. गाणी लिहिणारा माणूस एवढे पाण्याचे बोलतो याचे तिला नवल वाटले नाही. ती ऐकता ऐकता सीताफळ फोडीत होती. महानोरांनी आपल्या बागेतल्या सीताफळाला लता मंगेशकरांच्या नावावरून ‘लताफळ’ म्हटले होते, हे मी तिला सांगितले. तिने हातातली फोड उलटीपालटी करून पाहिली, बिया ताटलीत टाकल्या, आणि म्हणाली, “ते राहू दे. ते विहिरीचं व्हतं ना, ते पुन्हा वाच. आणि जरा सावकाश.”